घोडीला लाखाचा भाव, पण तिच्या खुराकडे कोण बघतंय?

पुणे : यात्रांचा हंगाम जवळ आला की खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या भागात बैलांबरोबर घोडीचीही विचारपूस सुरू होते. घाटात बारी सुटली की गाड्यापुढे घोडी धरायची, ही इकडची जुनी रीत. तिकडे पुणे शहरात लग्नसराईला वरातीचा घोडा लागतो, पावसाळ्यात रेसकोर्सवर शर्यती होतात आणि आषाढी वारीला माउलींचे अश्व शहरातून जातात. ट्रॅक्टर आला, टांगा गेला, तरी पुणे जिल्ह्यातून घोडा काही गेलेला नाही.

या घोड्यांच्या मालकांमध्ये सध्या एक नवा वाद आहे. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ येतात. बिननालाचा घोडा, घोड्याची मालिश, चाबूक न उचलता शिकवलेला घोडा. ते बघून कोणी नाल उपटून टाकतंय, तर कोणी म्हणतंय की ही शहरातल्या हौशी लोकांची थेरं आहेत, आपला घोडा डांबरावर चालतो, त्याला नाल लागणारच. दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. पण अर्ध्या माहितीवर घेतलेला निर्णय शेवटी घोड्याच्या पायाला भोवतो. आणि घोडा पायाने गेला की मालकाचे पैसेही गेले. लंगडी घोडी घाटात धावत नाही आणि वरातीत नाचत नाही.

भाव चढला, हात घटले

घोडीचा भाव का चढला हे आधी बघू. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. घाट ओस पडले, बैल विकले गेले, त्याबरोबर घोड्याही गेल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, खासदार अमोल कोल्हे यांनी निमगाव दावडीच्या घाटात दिलेल्या शब्दाप्रमाणे बारीपुढे घोडी धरली. तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या बहुतेक मोबाईलवर फिरला. तेव्हापासून घाटातल्या घोडीला पुन्हा मान आला.

दुसरी गोष्ट भीमथडी घोड्याची. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. ब्रिटिश काळात पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुका होता. १८७५ चा सावकारांविरुद्धचा दंगा जिथे पेटला ते सुपे गाव त्याच तालुक्यातलं. मराठ्यांच्या घोडदळात पळालेला हा बुटका, काटक घोडा नंतर धनगर-मेंढपाळांच्या वाड्यात टिकला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या यंत्रणेने अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्करी, भूतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी या सात जातींनंतर नोंद झालेली ही देशातली आठवी जात. नोंद झाली की चांगल्या जनावराला गिऱ्हाईक येतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून फक्त ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त. जनावर निम्म्यावर आलं की त्याच्यावर पोट असलेला कारागीरही घटतो. नालबंद, मोतद्दार, चाबुकस्वार हे शब्द नव्या पोरांना माहीतही नाहीत. पेशवाईत घोडदळाला जी आगाऊ रक्कम दिली जायची तिला नालबंदी म्हणायचे, एवढं या कामाला महत्त्व होतं. आज तालुक्याच्या गावात पंक्चर काढणारे दहा सापडतील, नालबंद एक सापडला तरी नशीब. मग जो भेटेल त्याच्याकडून नाल मारून घेतले जातात आणि ते आपोआप गळून पडेपर्यंत तसेच राहतात. खरं दुखणं इथं आहे. नाल असावा की नसावा हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

हिशोब वाढीचा आणि झिजेचा

बैलाला पत्री मारलेली सगळ्यांनी बघितली आहे. बैलाच्या पायाला दोन नख्या, घोड्याच्या पायाला एकच खूर. सगळा भार त्या एका खुरावर. बाहेरून दगडासारखा दिसला तरी खूर जिवंत आहे. आपल्या नखासारखा तो रोज वाढतो, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. वरच्या केसाळ कडेपासून खाली टोकापर्यंत पूर्ण नवा खूर यायला ९ महिने ते वर्ष लागतं.

खूर उचलून बघितला तर तळात मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखा भाग दिसतो. पाऊल टेकलं की तो दाबला जातो, टाच थोडी फाकते आणि धक्का जिरतो. पायातलं रक्त वर ढकलायलाही या दाबाची मदत होते. पायाला लोखंड ठोकलं की टाचेचं हे फाकणं कमी होतं आणि तो मऊ भाग जमिनीपासून उचलला जातो. बिननालाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच, आणि तो चुकीचा नाही.

पण नालाची बाजूही ऐकावी लागेल. खूर महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढतो, पण डांबर आणि सिमेंटवर रोजचं काम असेल तर झीज त्याहून जास्त होऊ शकते. मग तळ पातळ पडतो, खडा टोचतो, घोडा जपून पाय टाकायला लागतो. अशा घोड्याला नाल म्हणजे आपल्या पायातली चप्पल. काही दुखण्यांत तर डॉक्टर मुद्दाम वेगळ्या आकाराचा नाल मारायला सांगतात.

म्हणजे हिशोब सोपा आहे. झीज वाढीपेक्षा कमी असेल तर खूर कापावा लागतो. झीज आणि वाढ बरोबरीला असेल तर फार काही करावं लागत नाही. झीज जास्त असेल तर पायाला काहीतरी आडोसा द्यावा लागतो. नाल मारला की झीज जवळजवळ थांबते, पण वाढ थांबत नाही. म्हणून नाल शाबूत असला तरी दर ६ ते ८ आठवड्यांनी तो काढून, खूर कापून, परत बसवावाच लागतो. तो गळून पडायची वाट बघणं म्हणजे पोराच्या पायात दोन वर्षांपूर्वीचा बूट कोंबण्यासारखं आहे. खुराचं टोक पुढे लांबतं, टाच बसते आणि ताण वर शिरांवर जातो. ‘घोडीच्या शिरेत भरलं’ म्हणून जे सांगितलं जातं, त्याचं मूळ बऱ्याचदा खाली खुरात असतं.

धनगराची घोडी आणि रेसकोर्सचा घोडा

बिननालाचा घोडा ही परदेशी गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांनी मेंढपाळांचा वाडा नीट बघावा. पाठीवर पाल, भांडीकुंडी आणि वर कोंबड्या घेऊन चालणाऱ्या बऱ्याच घोड्यांच्या पायात लोखंड नसतं. पण त्यांचं जगणंही बघा. रोजची चाल, कोरडं माळरान, कधी मुरूम कधी ढेकळं, आणि पोटाला मिळेल ते गवत. त्यामुळे खूर आपोआप घासला जातो, आपोआप घट्ट होतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात जेमी जॅक्सन नावाच्या नालबंदाने मोकाट घोड्यांच्या कळपांचे खूर तपासले आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही चळवळ वाढली. त्याला मोकाट घोड्यांत जे दिसलं तेच आपल्या माळावर पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे. त्याच्याही फार आधी, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलं की घोडा बांधायच्या जागेपुढे गोटे पसरावेत, म्हणजे त्यावर उभं राहून खूर कणखर होतात.

आता रेसकोर्सचा घोडा घ्या. पुण्याच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या मैदानावर धावणारे घोडे थरोब्रेड जातीचे. त्यांच्या खुराची भिंत बऱ्याचदा पातळ असते, तळ सपाट असतो, पायाला हलक्या ॲल्युमिनियमचे नाल असतात आणि दिवसाचा बराच वेळ तबेल्यात जातो. असे घोडे शर्यतीतून निवृत्त झाले की काही रायडिंग क्लबमध्ये जातात, काही हातोहात विकले जाऊन वरातीत किंवा गावाकडे येतात. अशा घोड्याचे नाल एका दिवसात उपटून त्याला खडीच्या रस्त्यावर चालवलं तर तो लंगडणारच. त्यावरून ‘बिननालाचं खूळ फसलं’ म्हणणं बरोबर नाही, आणि ‘सवय होईल’ म्हणून त्याला तसाच हाणणं तर त्याहून वाईट.

नाल काढायचेच असतील तर त्याची वेळ असते. काम कमी असलेला हंगाम निवडायचा. जाणकाराकडून खुराची कड गोल करून घ्यायची, म्हणजे ती तुटत नाही. सुरुवातीला मऊ मातीवर, मग मुरमावर, मग थोडं थोडं कडक जमिनीवर. याला काही महिने जातात, काही घोड्यांना पूर्ण नवा खूर येईपर्यंत थांबावं लागतं. मधल्या काळात परदेशात घोड्याला रबरी बूट घालतात. इथे ते महाग पडतात. काही घोड्यांना ते कधीच जमत नाही, हेही मान्य करावं. दुसरीकडे अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या पोलिसांचे घोडे बिननालाने शहराच्या रस्त्यावर काम करतात. म्हणजे डांबरावर ते अशक्य नाही, पण त्यामागे नियमाने खूर कापणारा माणूस लागतो. नालवाल्या घोड्याला माणूस लागतो, बिननालाच्या घोड्यालाही लागतो.

खुराकाचा फटका खुराला

आपल्या भागात खुराचा सगळ्यात मोठा शत्रू रस्त्यापेक्षा पाटीत असतो. यात्रा जवळ आली की घोडीला ताकद यावी म्हणून भरडा, मका, हरभरा, गूळ असा खुराक वाढवला जातो. घोड्याचं पोट बैलासारखं नाही, तो रवंथ करत नाही. एकदम जास्त दाणा गेला की आतड्यात बिघाड होतो आणि त्याचा परिणाम थेट खुरात दिसतो. खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. खूर गरम लागतो, घोडी पुढच्या पायावर भार देत नाही, मागे रेलून उभी राहते, वळताना कण्हते. वेळेत उपचार नाही झाले तर आतलं हाड फिरतं आणि घोडी कायमची जाते.

ही लक्षणं दिसली की मालिश, लेप, नाल यातलं काहीही करत बसू नये. दाणा बंद करून लगेच पशुवैद्यकांना बोलवावं. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. मोठ्या तपासणीसाठी पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन दिवस वाट बघून मग डॉक्टर गाठणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दुसरा शत्रू ओल. पावसाळ्यात काळ्या चिखलात किंवा मुतलेल्या जागेवर घोडा दिवसभर उभा राहिला की तळातल्या त्या त्रिकोणी भागाच्या फटीत सड लागते. काळा, घाण वासाचा चिकटा येतो. उपाय साधा आहे: रोज पाय उचलून खूर कोरून साफ करणे आणि उभं राहायला कोरडी जागा देणे. यात पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

तिसरा शत्रू खुंटा. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे कोडं लहानपणी सगळ्यांनी ऐकलं आहे आणि त्याचं उत्तरही सगळ्यांना माहीत आहे: न फिरवल्याने. अगाडी-पिछाडी बांधून दिवसभर उभा असलेला घोडा खुरानेही अडतो आणि डोक्यानेही. घाटात दोन मिनिटं जीव तोडून पळायचं आणि उरलेला आठवडा खुंट्याला, यापेक्षा रोजची तासाभराची चाल घोडीला जास्त ताकद देते.

खरारा म्हणजेच मालिश

मालिशचं नाव ऐकून हसणाऱ्यांनी जुन्या पागेतला दिनक्रम आठवावा. मोतद्दार सकाळी पहिल्यांदा खरारा करायचा, मग गवताच्या चुंबळीने अंग रगडायचा. त्याने केस चमकतात हे खरं, पण खरा फायदा वेगळा. हात रोज अंगावरून फिरला की कुठे सूज आहे, कुठे गरम लागतंय, खोगिराखाली कुठे चामडी सोलली आहे, हे दुखणं वाढण्याआधी कळतं.

घोड्याची मान जिथे पाठीला मिळते तिथल्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दाताने खाजवतात. तिथे हाताने खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे फ्रान्समध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवरच्या अभ्यासात दिसलं आणि १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वरातीआधी बावरलेल्या घोड्याला चाबूक दाखवण्यापेक्षा तिथे दोन मिनिटं हात फिरवणं म्हणूनच जास्त कामाचं. अर्थात मालिशने मोडलेला पाय जुळत नाही आणि लंगडणं जात नाही. ‘मसाजने सगळं बरं होतं’ असं सांगून पैसे घेणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

काटेरी लगामाने घोडा भितो, शिकत नाही

तिसरा मुद्दा शिकवण्याचा. घोडा हा शिकार होणारा प्राणी. भीती वाटली की पळायचं, हा त्याचा स्वभाव. वरातीत डीजे, फटाके, तोंडावर लाइट, चहूबाजूंनी गर्दी, आणि त्यात त्याने एका जागी थांबायचं. हे जमवायला अनेक जण काटेरी लगाम वापरतात. आतून दाते असलेलं लोखंड तोंडात घातलं की घोडा दुखण्याच्या भीतीने थांबतो. पण ज्या दिवशी आवाजाची भीती दुखण्यापेक्षा मोठी होते, त्या दिवशी तो गर्दीत उधळतो. तेव्हा नवरदेव, वाजंत्री, बघायला आलेली लहान पोरं, कोणीच सुरक्षित नसतं.

कायद्याने हे चालत नाही. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. त्यानुसार जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना खिळे, काटे, टोकं असलेला लगाम वा काठी वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त ओझं नको, दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नको, तापमान ३७ अंशांच्या वर गेलं तर दुपारी १२ ते ३ या वेळेत काम नको, असंही म्हटलं आहे. नियम साठ वर्षांपूर्वीचे, पण किती मालकांना कोणी ते वाचून दाखवले? आणि १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला आज कोण भितो?

हळुवार शिकवणं म्हणजे लाड नव्हे. त्याचं तंत्र सोपं आणि कडक आहे. दाब द्यायचा, घोड्याने ऐकलं की त्याच क्षणी दाब सोडायचा. सोडणं हेच त्याचं बक्षीस. आवाजाची सवय लांबून, हळू, रोज थोडी थोडी करायची. रागात घोड्याला हात लावायचा नाही, हेही त्याच झेनोफनने सांगून ठेवलं आहे. चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक बहुतेक वेळा खालीच असायचा. याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा, ही मालकाची अडचण खरी आहे. लग्नाचा हंगाम डोक्यावर असताना दोन महिने घोडा शिकवत बसणं हातावर पोट असलेल्याला परवडत नाही. म्हणून सगळा दोष एकट्या मालकावर टाकूनही चालणार नाही. वरातीला घोडा लावणाऱ्यांनी पैसे देताना त्याच्या तोंडातला लगाम एकदा बघितला, तरी बरंच बदलेल.

मान्यता मिळाली, पुढे काय?

राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यातच, औंधला आहे. भीमथडीची जन्मभूमी याच जिल्ह्यात. रेसकोर्स इथे, खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेट घोडेस्वारी शिकतात ते इथे. म्हणजे घोड्याची जाण असलेली माणसं जिल्ह्यात आहेत. ती तालुक्याच्या घोड्यापर्यंत पोहोचत नाहीत, एवढीच अडचण. वीटभट्टीवरच्या घोड्या-गाढवांसाठी ब्रुक इंडियासारखी संस्था नालबंदांना प्रशिक्षण देते. तसं खूर कापण्याचं आणि नाल मारण्याचं प्रशिक्षण इथल्या आयटीआयमध्ये किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालं, तर दोन-चार गावांत मिळून एक पोरगा तयार होईल. घोड्याला दर दीड-दोन महिन्यांनी त्याची गरज लागणार, म्हणजे त्याला बारमाही काम.

घाटाच्या कमिट्यांनाही एक गोष्ट करता येईल. बारीआधी बैलांची तपासणी होते, त्याच वेळी घोडीचे चार खूर आणि तोंडातला लगाम बघायचा. लंगडणारी घोडी आणि काटेरी लगाम, दोन्ही घाटाबाहेर. न्यायालयाने जनावरांचे हाल होणार नाहीत या भरवशावर शर्यतींना वाट दिली आहे. बैलांसाठी ती वाट मिळवायला शेतकऱ्यांची सात वर्षं गेली. उद्या गाड्यापुढच्या घोडीवरून कोणी कोर्टात गेलं तर पुन्हा तीच वणवण.

मालकाच्या हातात मात्र आजच्या आज करण्यासारखं आहे. शेवटचे नाल कधी मारले किंवा खूर कधी कापला, त्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायची. दोन महिन्यांच्या वर गेली असेल तर नाल हवा की नको हा वाद बाजूला ठेवून आधी खूर कापणारा माणूस गाठायचा.